रविवारची डोकेदुखी

गेल्या हिवाळ्यात नाशिकला आमच्या घरात एक डोकेदुखी वार लावून यायची. सोमवार ते शनिवार तिचा पत्ता नसायचा, रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला हजर.

मुलगी दहावीला. दहावीच्या पोरीचं डोकं दुखायला लागलं की कारणं शोधावी लागत नाहीत, ती घरात तयारच असतात. मी म्हणालो मोबाईल. बायको म्हणाली, काही न खाता आंघोळीला जाते. आई म्हणाली, ओल्या केसांनी गॅलरीत उभी राहते, वारं लागतं. कॉलेज रोडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं, नंबर होता तेवढाच निघाला. एका रविवारी तिला मळमळलंही, तेव्हा कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर कपाटातून शोधून तिच्या बोटाला लावला. 98. आम्ही निर्धास्त झालो. पोरीला म्हणालो, बघ, काही नाहीये, अभ्यासाचं टेन्शन घेऊ नकोस. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून विसरलेलो नाही.

आता माझी ओळख सांगतो, म्हणजे माझा गाढवपणा नीट कळेल. मी अंबडच्या एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या खात्यात आहे. बावीस वर्षं झाली. गाड्यांचे गिअर आमच्याकडे मऊ येतात आणि कडक होऊन जातात. भट्टीत नऊशे डिग्रीच्या वर त्यांना कार्बन खायला घालतात, आणि हा कार्बन वाहून आणणारा हमाल म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. भट्टीत जो एंडोगॅस सोडतात त्यात तो साधारण 20 टक्के असतो. त्यामुळे आमच्याकडे त्याचा धाकही तेवढाच. भट्टीच्या दाराशी ज्वाळेचा पडदा, म्हणजे बाहेर येईल तो गॅस तिथेच जळून जावा. भिंतीवर डिटेक्टर. राउंडला जाणाऱ्याच्या खिशाला काडेपेटीहून जरासा मोठा मीटर. 35 पीपीएमला पहिला भोंगा, 200 ला दुसरा. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग.

नवी पोरं भरती झाली की त्यांना मीच सांगतो, याला रंग नाही, वास नाही, चव नाही, हा आलेला तुला कळणार नाही, मीटरला कळेल. हे वाक्य मी किमान दोनशे पोरांना ऐकवलं असेल. पहिल्या शिफ्टला ते ऐकवायचं आणि दुपारी इंदिरानगरात आपल्या फ्लॅटवर जाऊन निवांत जेवायचं, असं माझं चाललं होतं.

आमचं बाथरूम चार बाय सहा. गिझर गॅसचा, सहा लिटरवाला, आतल्याच भिंतीवर. बिल्डरने पॉइंट तिथेच काढून दिलेला, प्लंबरने तिथेच लावून दिला, आणि मी तिथेच लावून घेतला. डक्टकडे एक खिडकी, काचेच्या आडव्या पट्ट्यांची. तिच्या वर एक्झॉस्ट फॅनसाठी ठेवलेलं गोल भोक. फॅन आम्ही कधी बसवलाच नाही. त्या भोकात पारव्यांनी घरटं केलं, घाण आत पडायला लागली, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी थर्माकोलचा गोल तुकडा कापून, वरून चिकटपट्टी मारून ते बुजवलं. खिडकीच्या पट्ट्यांमधून डिसेंबरात वारं शिरतं, तेव्हा तिला आतून प्लॅस्टिक लावलं. दोन्ही कामं माझ्या हातची, आणि सफाईदार. आई कौतुकाने म्हणालीही होती, आता बाथरूम कसं उबदार राहतं.

नाशिकची थंडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना हे वाचताना मी वेडा वाटेन. पेपरात निफाडचा पारा छापून येतो, पाच अंश, सहा अंश. नाशिकात त्याहून दोन-तीन जास्त धरा. अशा सकाळी साडेपाचला पहिल्या शिफ्टसाठी आंघोळ करायची तर माणूस भोक ठेवायचा विचार करत नाही, बुजवायचा करतो.

आणि इथेच खरी मेख होती. रोजच्या दिवशी पहिली आंघोळ माझी. रात्रभराची गार, स्वच्छ हवा बाथरूममध्ये, मी सात मिनिटांत बाहेर. नंतर शाळेच्या घाईत मुलगी पाच मिनिटं. आई नऊच्या पुढे, एक बादली घेऊन नळ बंद करणारी. रविवारी मात्र सगळ्यांचे केस धुवायचे. आधी आई, मग बायको, मग मुलगी, पाठोपाठ, दार मध्ये जेमतेम उघडतंय न उघडतंय तोवर पुढची आत. मुलीची आंघोळ पंचवीस मिनिटं. गिझर वीस मिनिटांनी आपोआप बंद पडतो, ती एक सोय होती, पण नळ बंद करून परत सोडला की तो पुन्हा पेटतो हे तिने केव्हाच शोधून काढलं होतं. मी तोवर बाहेर गेलेला असायचो. म्हणजे घरात ज्या एकाच माणसाला तो वायू ओळखता आला असता, तो रोज पहिला आंघोळ करून मोकळा होत होता.

जानेवारीतल्या एका रविवारी क्रम बदलला. मित्रांबरोबर मखमलाबादकडे मिसळ खायला गेलो होतो, बिनआंघोळीचा. परत आलो तेव्हा मुलगी नुकतीच केसांना पंचा गुंडाळून बाहेर पडत होती. मी आत गेलो, कडी लावली, नळ सोडला.

साबण लावता लावता कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं व्हायला लागलं. वाटलं, तर्री जास्त झाली, पित्त आहे. आत वाफ इतकी की आरशाचा पत्ता नव्हता. मग सहज वर बघितलं. गिझरला समोर एक छोटीशी काच असते, तिच्यातून ज्योत दिसते. ती निळी, आखूड आणि ताठ हवी. माझी ज्योत पिवळी होती. लांब, मऊ, आळसावलेली, देवापुढच्या समईची शोभावी अशी. भट्टीवर असली ज्योत दिसली असती तर ऑपरेटरची मी आई-बहीण काढली असती.

कळलं. लगेच कळलं. पण कळूनसुद्धा मी काय केलं, तर आधी अंगावरचा साबण धुतला. मग टॉवेल शोधला. आज आठवलं की घाम फुटतो. हा वायू घाबरवत नाही, गुदमरवत नाही, उलट माणसाला संथ करतो. विचार येतात, पण रांगेत उभे राहिल्यासारखे एकेक करून. कडी काढायला हात वर नेला तर गुडघ्यांत पाणी झालेलं. दार उघडून पॅसेजमध्ये भिंतीला टेकून बसलो.

आई देवघरातून ओरडली, "अरे, काय झालं रे? पडलास का?"

बायको आली. "अहो, काय होतंय तुम्हाला?"

"गॅस बंद कर. रेग्युलेटर. आणि सगळ्या खिडक्या उघड. पोरगी कुठाय?"

पोरगी आतल्या खोलीत आडवी पडली होती, रविवारची डोकेदुखी घेऊन. चौघं लिफ्टने गच्चीवर गेलो आणि उन्हात बसलो. मी टॉवेलवर, वरून बायकोची शाल. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी पापड वाळत घालायला आल्या होत्या, त्यांनी काय समजूत करून घेतली असेल ते देव जाणे.

दुपारी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मुलीचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं आणि तीन प्रश्न विचारले. घरात इतरांचंही दुखतं का? बाहेर गेलं की बरं वाटतं का? गिझर गॅसचा का? तिन्हीला हो म्हटल्यावर तिचं रक्त काढलं आणि तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावला. रक्तात कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं हिमोग्लोबिन 14 टक्के निघालं. सिगारेट न ओढणाऱ्या माणसात ते एक-दोन टक्के असतं. आणि आंघोळीनंतर तीन तास उलटल्यावरचा हा आकडा. मूळचा किती असेल, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

हिमोग्लोबिनचं काम प्राणवायू उचलून अंगभर पोचवण्याचं. कार्बन मोनॉक्साइड त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे ते अडीचशे पट घट्ट धरतो. एसटीत रुमाल टाकून जागा धरणारे असतात ना, तसा. सीट दिसते, पण बसता येत नाही. हा वायू प्राणवायूची जागा अडवतो, हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी 1857 च्या आसपासच मांडलं होतं. साध्या हवेत बसलं तर हा रुमाल अर्धा उठायला चार ते सहा तास लागतात. मास्कने निव्वळ ऑक्सिजन दिला तर तासाभरात, फार तर दीड तासात. म्हणून मास्क.

आणि आमचा तो 98? डॉक्टर म्हणाले, ते यंत्र रक्ताचा रंग बघतं. हिमोग्लोबिनवर प्राणवायू बसला की ते लालभडक होतं, आणि कार्बन मोनॉक्साइड बसला तरी लालभडकच. घरगुती ऑक्सिमीटरला दोघांतला फरक कळत नाही. तो अर्धमेल्या माणसालासुद्धा 98 देऊ शकतो. मोठ्या हॉस्पिटलात यासाठी रक्त काढून को-ऑक्सिमीटर नावाच्या वेगळ्या यंत्रावर तपासतात, पण ते तपासायचं आधी कुणाच्या तरी डोक्यात यावं लागतं. त्यांनी आणखी एक बजावलं. पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. कधीकधी माणूस पूर्ण बरा होऊन घरी येतो आणि दोन-तीन आठवड्यांनी विसरायला लागतो, चिडचिडा होतो, चाल बदलते. बायकोने विचारलं, दहावीच्या मुलीत विसराळूपणा आणि चिडचिड वेगळी कशी ओळखायची हो? डॉक्टरांना हसू आवरेना. मुलगी मास्कच्या आतून "आई!" म्हणाली, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

ताप नसताना घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखणं, मळमळ, गरगर, हातपाय गळून जाणं, आणि उघड्यावर आलं की उतार. ॲसिडिटी म्हणून याच्यावर किती गोळ्या खपत असतील, कुणास ठाऊक. लालबुंद चेहऱ्याचं वर्णन पुस्तकात असतं, ते जिवंत माणसात क्वचितच दिसतं. आमच्यापैकी कुणी लाल झालं नव्हतं. मी तर पांढराफटक होतो असं बायको सांगते.

आठवडाभर आम्ही इंडक्शनवर पाणी तापवून आंघोळ केली. शनिवारी कंपनीतल्या सेफ्टी ऑफिसरला विचारून खिशाचा मीटर घरी आणला. घरच्यांना भावाकडे नाशिकरोडला पाठवून दिलं. थर्माकोल आणि प्लॅस्टिक होतं तसं ठेवलं. मीटर टॉवेलच्या दांडीला टांगला, समोर स्टुलावर मोबाईल रेकॉर्डिंगला लावून ठेवला, नळ सोडला, दार ओढून घेतलं आणि मी स्वयंपाकघरात रेग्युलेटरवर हात ठेवून उभा राहिलो. हा प्रयोग कुणी करू नये, आधीच सांगतो. मला रोजची सवय आहे, आणि तरीही मी त्या रविवारी टॉवेल शोधत बसलो होतो.

व्हिडिओत दोन मिनिटं शून्य. तिसऱ्या मिनिटाला 9. सहाव्याला 35, पहिला भोंगा. मग आकडा पळायलाच लागला. नवव्या मिनिटाला 200, दुसरा भोंगा. बाराव्याला 410 झाला आणि मी गॅस बंद केला. कंपनीत दुसऱ्या भोंग्याला आम्ही शेड रिकामी करतो. माझी मुलगी तिथे पंचवीस मिनिटं कंडिशनर लावून उभी राहत होती.

तासभर सगळं उघडं ठेवून हवा काढली, मीटर पुन्हा शून्यावर आणला. थर्माकोल उपसला, प्लॅस्टिक फाडलं, दार चार बोटं उघडं ठेवलं, आणि पुन्हा बारा मिनिटं. 11. तोच गिझर, तीच ज्योत, फक्त हवेची वाट मोकळी.

हे असं का होतं ते कागदावर मांडल्याशिवाय मला चैन पडेना. सहा लिटरचा गिझर म्हणजे अंदाजे 12 किलोवॅट. घरातल्या गॅसच्या शेगडीचा एक बर्नर दोनच्या आसपास. म्हणजे बाथरूममध्ये सहा बर्नर मोठ्या आचेवर पेटवून मध्ये आपण आंघोळ करतोय. एवढ्या आचेला तासाला जवळजवळ किलोभर एलपीजी जळतो, आणि एक किलो एलपीजी नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. आमच्या बाथरूममध्ये हवा सगळी मिळून साडेपाच घनमीटर. अर्ध्या तासात संपली. संपायची वाटसुद्धा बघावी लागत नाही. हवा कमी पडायला लागली की बर्नर आपलाच जळका वायू परत ओढून घेतो, ज्योत पिवळी पडते आणि कार्बन डायऑक्साइडच्या जागी मोनॉक्साइड व्हायला लागतो. आई, बायको, मुलगी असा क्रम लावला तर तिसरीच्या वाट्याला काय उरलं असेल ते दिसतंच आहे. त्यात आमच्या गिझरच्या पत्र्यांमध्ये काजळी धरलेली. चार वर्षांत सर्व्हिसिंग केलं नव्हतं. चालतंय ना, मग कशाला.

गॅसचा वास कसा आला नाही, हे मला निदान दहा जणांनी विचारलं. एलपीजीला मुळात वास नसतोच, तो मर्कॅप्टन घालून मुद्दाम दिलेला असतो. गॅस जळला की तोही जळून जातो. वास न जळालेल्या गॅसचा. पाइप गॅसचंही तेच. काही सोसायट्यांत आता पाइप आला आहे आणि लोक सांगतात की तो हलका, वर उडून जातो, सुरक्षित. गळती झाली तर ते खरं. पण कोंडलेल्या खोलीत जाळला तर तोही हेच करणार.

माझं लहानपण पंचवटीतल्या वाड्यात गेलं. तिथे मागच्या अंगणात तांब्याचा बंब होता, भद्रकालीजवळच्या तांबटांकडून घडवून आणलेला. पहाटे अण्णा बंबफोड आणि करवंट्या घालून तो पेटवायचे. न्हाणीघर म्हणजे तीन भिंती आणि वर पत्रा, पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर फट. थंडीत कुडकुडत आंघोळ. ती फट का बुजवत नाहीत, असं मी एकदा विचारलं, तेव्हा अण्णा म्हणाले, धूर कुठून जाईल मग, तुझ्या नाकातून? आता आई म्हणते, बंबाने कधी असं केलं नाही. केलं असतं, आई. जास्तच केलं असतं. लाकडाच्या धुरात हा वायू भरपूर असतो. पण धूर डोळ्यांना झोंबायचा, म्हणून बंब अंगणात राहिला. गिझरला धूर दिसत नाही, म्हणून आम्ही त्याला घरात घेतलं, वर त्याच्यासाठी टाइल्स मॅचिंग केल्या.

गिझरच्या अंगावर स्टिकर होता, बरं का. हवेशीर जागी बसवा, बाथरूममध्ये बसवू नका, अशा अर्थाचा. त्याच्यावर आम्ही रबरी चकतीचं हुक दाबून बसवलं होतं, अंग घासायची जाळी टांगायला.

प्लंबर आला. गिझर ड्राय बाल्कनीत हलवायचा, तिथून गरम पाण्याची लाइन आत घ्यायची. तो म्हणाला, साहेब, एवढं कशाला, एक्झॉस्ट फॅन मारून देतो पाचशे रुपयांत. मलाही क्षणभर पटलं. पण फॅन लावायचा विसरतो माणूस, वीज जाते, आणि हवा आत यायला वाट नसेल तर फॅन बाहेर तरी काय फेकणार? शिवाय मी स्वतःला ओळखतो. पुढच्या डिसेंबरात पारा सहावर आला की मीच थर्माकोल घेऊन उभा असणार. त्यामुळे मीटरने 11 दाखवले तरी गिझर बाहेर जाणार हे ठरलं. पाइप, वळसे, मजुरी धरून साडेचार हजार गेले.

घोळ पुढेच होता. आमची ड्राय बाल्कनीही आम्ही स्लायडिंगच्या काचा लावून बंद केलेली. धूळ आणि पुन्हा तेच पारवे. तिथे गिझर लावला असता तर कहाणी तीच, फक्त खोली बदलली असती, कारण ती स्वयंपाकघराला चिकटून आहे. एक काच काढून तिथे जाळी बसवली. बायकोचं म्हणणं, आता वॉशिंग मशीनवर धूळ बसते. बसते. पुसतो मी.

पारव्यांवरून आठवलं. स्कॉटलंडच्या जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कोळशाच्या खाणीत हाच वायू ओळखण्यासाठी लहान पक्षी न्यायची कल्पना मांडली. कॅनरी माणसाच्या आधी कोलमडते, म्हणून. इंग्लंडच्या खाणींत 1986 पर्यंत त्या पिंजऱ्यातून खाली जात होत्या. तिकडे पक्ष्याला मुद्दाम आत न्यायचे, आणि मी पक्षी आत येऊ नये म्हणून भोक बुजवून बसलो होतो.

मग डिटेक्टरची शोधाशोध. एम.जी. रोडवर एका दुकानात विचारलं, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का? "आहे ना," म्हणून त्याने गॅस गळतीचा अलार्म पुढे केला. म्हटलं, हा एलपीजीचा. तो म्हणाला, एकच असतं ते, गॅस तो गॅस. नाही हो, एकच नसतं. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीवर पसरतो, म्हणून त्याचा अलार्म खाली, फुटभरावर बसवतात. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलका, सगळीकडे सारखा मिसळतो, त्याचा अलार्म डोक्याच्या उंचीला किंवा वर. एक दुसऱ्याचं काम करत नाही. शेवटी ऑनलाइन मागवला. बाथरूममध्ये लावायचा नाही, वाफेने खराब होतो, म्हणून पॅसेजमध्ये झोपायच्या खोल्यांच्या तोंडाशी लावला. त्यातला सेन्सर काही वर्षांनी मरतो, मागे बदलायची तारीख छापलेली असते. ती मी आईच्या गोळ्यांच्या वेळापत्रकाखाली लिहून ठेवली, कारण घरात तेवढा एकच कागद सगळे वाचतात.

सोसायटीच्या ग्रुपवर सगळं लिहून टाकलं, व्हिडिओसकट. बावीस अंगठे आले, सहा हात जोडलेले, आणि एक उत्तर: "आमच्याकडे दहा वर्षं आहे, काही झालं नाही." हे ज्यांनी लिहिलं ते काका रोज पहाटे पाचला पहिली आंघोळ करतात. मी तसं उत्तर दिलं नाही. संध्याकाळी जाऊन त्यांच्या सूनबाईंना विचारलं, वहिनी, तुमचं डोकं कधी दुखतं? त्या म्हणाल्या, केस धुतले की. मला सर्दीच होते लगेच. मग काकांना घेऊन बाथरूम बघितलं. खिडकीला काचा होत्या, काचांच्या आत पुठ्ठा होता. पुठ्ठा काकांनी स्वतः काढला, एक शब्द न बोलता.

त्याच महिन्यात पिंपळगावकडच्या मावसभावाशी फोनवर बोललो. थंडी वाढली की द्राक्षबागांत रात्री शेकोट्या करतात, मण्यांना थंडीचा तडाखा बसू नये म्हणून. ती उघड्यावरची शेकोटी, तिचं काही नाही. पण त्याचा राखणदार पहाटे उरलेले निखारे घमेल्यात भरून पत्र्याच्या खोलीत नेतो आणि दार लावून झोपतो. भाऊ म्हणाला, धूर नसतो रे, नुसते निखारे असतात. म्हटलं, म्हणूनच. धूर असता तर तो खोकत बाहेर आला असता. घमेलं बाहेर ठेवायला सांग, त्याला दोन ब्लँकेटं घेऊन दे, पैसे मी देतो. भावाने ब्लँकेटं घेतली, पैसे माझ्याकडून घेतले नाहीत, मोसमात एक क्रेट पाठवून उलट मलाच लाजवलं.

मुलीने काढलेला घरचा नियम असा आहे: आत कुणी असताना कडी लावायची नाही, दारावर पंचा टाकायचा, पंचा दिसला की बाहेरच्याने दर दहा मिनिटांनी हाक मारायची. आत हालचाल नसेल तर हाका मारत बसायचं नाही. आधी दार, मग गॅस, मग माणसाला ओढून उघड्यावर, मग 108. आणि डॉक्टरला पहिलं वाक्य "चक्कर आली" हे सांगायचं नाही, "गॅस गिझर होता" हे सांगायचं. गिझर आता बाहेर आहे, तरी हाका चालूच आहेत. मुलगी आतून ओरडते, "जिवंत आहे, बाबा!" शेजारी काय म्हणत असतील.

मीटर मी सोमवारी परत केला. सेफ्टी ऑफिसरने रजिस्टरमध्ये नोंद करता करता विचारलं, किती गेला होता? म्हटलं, 410. त्याने पेन खाली ठेवलं. "भट्टीवर?"

"बाथरूममध्ये. तुझा गिझर कुठे बसवलाय?"

तो काही बोलला नाही. रजिस्टर मिटलं, मीटर चार्जिंगला लावला. शनिवारी शिफ्ट सुटल्यावर गेटवर भेटला तेव्हा मीटर त्याच्या खिशाला होता.